धुरकट काळी पोर्टर: चाखायची कशी आणि गुण द्यायचे कसे

माल्टराव

स्टाउट आणि आयपीए या बिअरवर इथे धाग्यांचा पाऊस पडलाय, धुरकट पोर्टरवर, म्हणजे धुरवलेल्या माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) काळ्या बिअरवर, मात्र एक टिपूस नाही. सिॲटल, लंडन, म्युनिककडच्या मंडळींना या बाटल्या मिळतात. पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअऱ्यांत कधीमधी एखादी बॅच नळावर चढते. पण मत विचारलं की उत्तरं दोनच येतात, ‘भन्नाट’ नाहीतर ‘जळकी’. दोन्हीतून पुढच्याला काडीचं कळत नाही. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगतो. धूर किती आहे याला गुण नाहीत. धुराखाली पोर्टर शिल्लक आहे का, याला गुण आहेत.

बोलण्यासाठी एक बाटली समोर ठेवू: अलास्कातल्या जुनो इथली अलास्कन ब्रुइंग कंपनीची स्मोक्ड पोर्टर. कंपनी १९८६ ची, ही पोर्टर १९८८ पासूनची. ब्रुअरीच्या समोरच सामन मासे धुरवण्याचा कारखाना होता. त्याच्या भट्टीत आल्डरच्या लाकडावर माल्ट धुरवून ती पहिल्यांदा बनली. अल्कोहोल ६.५ टक्के, कडवटपणा ४५ आयबीयू, आणि बाटलीवर साल छापलेलं, कारण लोक ती मुरवत ठेवतात.

चाखण्याची पद्धत:

बाटली आदल्या दिवशीपासून उभी ठेवा, म्हणजे गाळ तळाला बसेल. प्यायचं तापमान १० ते १२ अंश. फ्रिजमधून काढल्या काढल्या ओतलीत तर ४ अंशांना फक्त धूर आणि कडवटपणा हाती लागतो, माल्टची गोडी झोपलेली असते. पुण्यात एप्रिलमध्ये २० मिनिटं बाहेर पुरतात, डिसेंबरात अर्धा तास. अंदाजावर जाण्यापेक्षा एका पेल्यात थर्मामीटर बुडवा.

पेला ट्यूलिप किंवा पोट फुगलेला, तोंड निमुळतं. साबणाचा अंश राहिला तर फेस बसतो आणि गुण उगाच कापले जातात. धुतलेल्या पेल्यात साधं पाणी फिरवून ओतून द्या. काचेवर पाण्याचा सलग पापुद्रा राहिला तर पेला स्वच्छ, थेंब थेंब सुटले तर अजून तेलकट. प्रत्येकाला १०० मिली पुरे, पेला तिसऱ्या हिश्शापर्यंतच भरायचा.

खोलीत उदबत्ती नको, फोडणी नको, अत्तर नको. पान-तंबाखूवाल्याने निदान तासभर आधी तोंड धुतलेलं असावं. चखणा गुणपत्रिका भरून झाल्यावर. मधे जीभ साफ करायला साधं पाणी आणि बिनखारवलेला पाव, बस.

गुण ५० पैकी, बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या पत्रिकेप्रमाणे: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला पोत ५, एकूण छाप १०. ४५ पासून वर अफलातून, ३८ ते ४४ उत्कृष्ट, ३० ते ३७ खूप चांगली, २१ ते २९ चांगली पण उणीव स्पष्ट. १४ च्या खाली गेली तर बिअरमध्ये दोष आहे, आवडीनिवडीचा प्रश्न उरत नाही.

शंकासुर

वाखूसा (वाचनखूण साठवली). दोन शंका. पहिल्या घोटाला नुसता धूर लागतो आणि चौथ्या घोटापर्यंत तो जवळजवळ गायब होतो. मग गुण नक्की कुठल्या घोटाला द्यायचे? आणि रूपाला फक्त ३ गुण का? काळ्या बिअरचं रूप हीच तर अर्धी मजा.

फेनगंगा

शंकासुर, धूर पेल्यातून जात नाही, तुमचं नाक त्याला सरावतं. तोच वास सलग नाकावर येत राहिला की मेंदू त्याची दखल घेणं सोडतो. स्वयंपाकघरातल्याला फोडणीचा वास येत नाही, दारातून आलेल्याला ठसका लागतो, तोच प्रकार. म्हणून वासाचे गुण पहिल्या दोन मिनिटांत लिहून मोकळं व्हायचं. पेला नाकापासून वीतभर लांब धरून एकदा हुंगा, मग काठाशी आणून दोन-तीन आखूड श्वास. नंतर पेल्यावर तळहात ठेवून हलकेच घोळवा, हात काढा, पुन्हा एकदा. लांब श्वास घेत बसलात तर नाक लवकर थकतं. थकलंच तर स्वतःच्या बाहीचा वास घ्या किंवा दोन मिनिटं खोलीबाहेर जा. कॉफीचे दाणे हुंगायचा सल्ला मिळतो, पण पोर्टरला तो मुळीच नको, भाजक्या माल्टचा वासच त्यात हरवतो.

रूपाचं म्हणाल तर काळी दिसणारी पोर्टर बहुधा काळी नसतेच. पेला तिरपा धरून मागून मोबाइलचा टॉर्च लावा. कडेला माणकासारखी लाल-तपकिरी झाक आणि आरपार उजेड दिसला तर रंग आणि नितळपणा दोन्ही ठीक. फेस बदामी, बारीक बुडबुड्यांचा, निदान दोन मिनिटं टिकणारा. यात जोखायला तीन गुणांहून जास्त काही नाही.

माल्टराव

फेनगंगा, वासाबद्दल सहमत. चवीबद्दल माझं मत उलट आहे. चवीचे २० गुण शेवटच्या ४० मिलीवर द्यावेत. तोवर बिअर १४ अंशांपर्यंत आलेली असते, नाक धुराला सरावलेलं असतं, आणि तेव्हा कळतं की खाली कोको, कॉफी, काकवीसारखी गोडी आहे की नुसतं काळं पाणी. पहिल्या घोटावर गुण दिले तर जास्त धुराची बिअर हमखास जिंकते.

फेनगंगा

आणि शेवटच्या घोटावर दिले तर बेताच्या धुराच्या बिअरवर अन्याय होतो, कारण तोवर तिचा धूर शून्यावर आलेला असतो. मधला मार्ग: चवीचा आकडा दोनदा लिहा, पहिल्या घोटानंतर आणि शेवटी. फरक ३ पर्यंत असेल तर सरासरी घ्या. त्याहून जास्त असेल तर तो फरकच शेरा म्हणून लिहा, ‘थंड १६, कोमट १२, खाली अंग पातळ’. वाचणाऱ्याला सरासरीपेक्षा हे जास्त उपयोगी.

माल्टराव

हे पटलं. दोनदा लिहूया.

बामबर्गकर

धूर म्हणजे एकच चव नव्हे, हे धाग्यात यायला हवं. लाकडातलं लिग्निन तापून तुटलं की ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही फिनॉल वर्गातली रसायनं तयार होतात, धुराचा वास मुख्यतः यांचा. बीच, ओक, आल्डर, चेरी या पानझडी लाकडांतून दोन्ही मिळतात. चीड-देवदारासारख्या झाडांतून सिरिंगॉल जवळपास मिळत नाही, वर राळेचा टर्पेंटाइनसारखा वास येतो, म्हणून ती बाद.

बीच: हॅमसारखा, मांसल, गोलसर धूर. जर्मनीतल्या बामबर्गच्या श्लेंकेर्ला आणि श्पेत्सिआल या दोन ब्रुअऱ्या आजही आपला माल्ट स्वतः बीचवर धुरवतात. श्लेंकेर्लाची मेर्त्सन ५.१ टक्क्यांची लागर आहे, पोर्टर नाही, पण बीचचा धूर ओळखायला तिच्याइतकी सोपी बाटली नाही. त्यांचीच नाताळातली ‘आइशे’ ही बिअर ओकच्या धुराची, ८ टक्क्यांची. दोन्ही शेजारी ठेवल्या की लाकडातला फरक एका बैठकीत कळतो. ओकचा धूर मऊ.

आल्डर: बीचपेक्षा कोरडा, किंचित गोडसर. ज्यांनी धुरवलेला सामन खाल्लाय ते ‘मासा लागतोय’ म्हणतात. मासा नसतो, लाकूड तेच असतं.

चेरी: तीव्र. बीचच्या निम्म्या प्रमाणात तेवढाच धूर देतो.

पीट: हे लाकूड नव्हेच, दलदलीतली कुजट माती. यात क्रेसॉलही भरपूर, त्यामुळे औषधी, डांबरी वास. स्टोन ब्रुअरीच्या ५.९ टक्क्यांच्या स्मोक्ड पोर्टरमध्ये पीटचा माल्ट असायचा आणि तो जेमतेम चिमटीएवढा जाणवायचा, तेवढाच असावा. स्कॉच आवडते म्हणून लोक १० टक्के टाकतात आणि मग बॅच मोरीत जाते. एकूण धान्याच्या २-३ टक्के ही हद्द धरा.

कोकणी_काजू

+१ पीटबद्दल.

पण एक विचारतो. धुराचा फिनॉल आणि दोषाचा फिनॉल वेगळे काढायचे कसे? गेल्या महिन्यात एका ठिकाणी नळावरची ‘स्मोक्ड’ पोर्टर अशी लागली की पेल्यात जखमेवरची पट्टी भिजत घातलीय. बारवाला म्हणतो तोच धूर.

यीस्टोपंत

काजूभाऊ, बारवाल्याने ढाल छान शोधलीय. धुरकट बिअर हा दोष लपवायचा सोपा आडोसा आहे, त्यामुळे या शैलीत परीक्षकाने जास्त कडक असावं. जरा विस्ताराने लिहितो.

डेटॉल, जखमेची पट्टी, प्लास्टिकची नवी बादली असा वास असेल तर तो क्लोरोफिनॉल. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, किंवा टाकी धुवायला वापरलेलं ब्लीच नीट न खंगाळल्यामुळे उरलेलं क्लोरीन, माल्ट आणि यीस्टच्या फिनॉलशी जुळतं आणि हा पदार्थ बनतो. धुरकट माल्टमध्ये फिनॉल मुळातच जास्त, म्हणून इथे धोका दुप्पट. खूण अशी की धूर घशात उतरताना गोडसर होत जातो, क्लोरोफिनॉल मात्र जिभेच्या मागच्या भागावर धातूसारखा चिकटून बसतो आणि पाण्याने जात नाही. उपाय सोपा. पाणी उकळून किंवा कार्बन फिल्टरमधून घ्यायचं. महापालिका क्लोरामाइन वापरत असेल तर उकळून भागत नाही. त्याला पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची एक कॅम्पडेन गोळी ७५ लिटरला, म्हणजे २० लिटरला पाव गोळीच्या थोडं वर.

लवंगेचा वास असेल तर ४-व्हिनाइल ग्वायकॉल. हा यीस्ट बनवतं. जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये तो हवाच, पोर्टरमध्ये नको. साध्या एल यीस्टने बनवलेल्या पोर्टरमध्ये लवंग आली तर रानटी यीस्ट शिरलंय. सोबत दुसरे पुरावेही असतात: बिअर अपेक्षेपेक्षा पातळ, बाटली उघडताच फेस उसळून बाहेर, आणि अंतिम घनता (आंबून झाल्यावरची, पाण्याची १ धरून) १.०१५ ऐवजी १.००६ वगैरे.

राख, विझलेली सिगरेट, हे शक्यतो धुराचं पापच नसतं. काळा पेटंट माल्ट (काळाकुट्ट भाजलेला) जास्त झाला किंवा मॅशचा (गरम पाण्यात भिजवलेल्या धान्याचा) पीएच ५.२ च्या खाली घसरला की अशी चव येते, आणि धूर सोबत असला की ती दुप्पट वाटते. जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढली जाते तसं होत असेल तर तो तुरटपणा आहे, कडवटपणा नाही. धान्य धुवायचं पाणी ७७ अंशांच्या वर गेलं किंवा शेवटी फार पातळ रस ओढला की सालातलं टॅनिन उतरतं. हा कापायचा ‘पोत’ या रकान्यात. बरेच जण चवीत कापतात आणि मग पोतातही कापतात, एकाच चुकीला दोन शिक्षा.

सोया सॉससारखी खारट-मांसल चव: मेलेलं यीस्ट फुटलंय, बिअर गाळावर फार दिवस राहिली. धुराच्या ‘मांसल’ चवीशी याची गल्लत फार होते. धूर नाकात आधी येतो, सोया जिभेवर नंतर.

ओला पुठ्ठा: ऑक्सिजन. लोणी, बटर पॉपकॉर्न: डायॲसिटिल, यीस्टला शेवटचे दोन दिवस उबेत दिले नाहीत. इंग्लिश पोर्टरमध्ये पुसट डायॲसिटिल चालवून घेतात, धुराबरोबर ते फार ओशट लागतं.

शंकासुर

यीस्टोपंत, दंडवत. हे छापून पेल्याखाली ठेवतो.

आता बनवण्याकडे वळू. कुणी प्रमाण देईल का?

डोंगरी_सिॲटल

२० लिटर, मूळ घनता १.०६२, अंतिम १.०१५, म्हणजे ६.२ टक्क्यांच्या आसपास. भांड्यांची कार्यक्षमता ७० टक्के धरली आहे.

पेल माल्ट ३ किलो
बीचवर धुरवलेला माल्ट, राउखमाल्झ १.८ किलो
म्युनिक माल्ट ५०० ग्रॅम
क्रिस्टल माल्ट, ७० लोविबाँड (रंगाचं माप) ३०० ग्रॅम
चॉकलेट माल्ट २५० ग्रॅम
साल काढलेला काराफा स्पेशल ३ १५० ग्रॅम

एकूण ६ किलो, त्यात धुरकट माल्ट ३० टक्के. १५ टक्क्यांना लोक ‘काहीतरी वेगळं लागतंय’ म्हणतात, ३० ला ‘धूर’ म्हणतात, ५० च्या पुढे पोर्टर ओळखू येत नाही. हे प्रमाण ताज्या माल्टसाठी. उघड्या पोत्यात वर्षभर पडलेल्या राउखमाल्झचा निम्मा वास उडालेला असतो. खरेदी करताना मूठभर चावून बघा. दाण्यात धूर नसेल तर पेल्यातही येणार नाही.

काराफा स्पेशल मुद्दाम, कारण त्याचं साल काढलेलं असतं. यीस्टोपंतांनी सांगितलेली राख बऱ्याच अंशी सालातून येते.

मॅश: १८ लिटर पाणी ७३-७४ अंशांवर, धान्य पडल्यावर ६७ ला स्थिरावेल. ६० मिनिटं. मग ७५ अंशांच्या १३ लिटरने धुवा. साधारण २५ लिटर रस मिळतो, तासभर उकळून २१ उरतो. मॅग्नम हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) १२ टक्के अल्फा आम्लाचे २५ ग्रॅम पूर्ण तासभर, ईस्ट केंट गोल्डिंग्ज २५ ग्रॅम शेवटची १५ मिनिटं. कडवटपणा ३८ आयबीयूच्या आसपास. शेवटी सुगंधी अमेरिकन हॉप्स घालू नका, संत्र्याची साल आणि हॅम एकत्र चांगले लागत नाहीत.

यीस्ट एस-०४ किंवा यूएस-०५, ११.५ ग्रॅमचं एक पाकीट. घनता १.०६५ च्या वर नेलीत तर दोन. १८-१९ अंशांना आंबवा, जोर ओसरला की २१ ला तीन दिवस. बाटलीत भरताना २० लिटरला ११५ ग्रॅम साखर, वायूचं प्रमाण बिअरच्या आकारमानाच्या २.३ पटीच्या आसपास येतं. जास्त वायू नको. तो धूर एकदम नाकात मारतो आणि पोत सोड्यासारखा करून टाकतो.

भरल्यावर चार आठवडे हात लावू नका. दोन आठवड्यांची धुरकट पोर्टर कर्कश असते.

कोकणी_काजू

पाण्याचं काय? आमच्याकडच्या एका मायक्रोब्रुअरीवाल्याला हे दाखवणार आहे.

डोंगरी_सिॲटल

पाणी कुठलं त्यावर आहे. लंडनचं पाणी चुन्याचं, बायकार्बोनेट भरपूर, त्यामुळे काळ्या माल्टचा आंबटपणा आपोआप तोलला जातो. मुंबईचं तलावांचं पाणी मऊ. त्यात एवढा काळा माल्ट टाकला की मॅशचा पीएच खाली बसतो. मोजल्याशिवाय काही घालू नका. थंड केलेल्या नमुन्यात ५.४ ते ५.५ हवा. कमी असेल तर १८ लिटरला १ ग्रॅम खायचा सोडा, ढवळून पुन्हा मोजा. एकदम चमचाभर टाकलात तर पीएच पलीकडे जातो आणि चव पिठूळ होते. दुसरा मार्ग म्हणजे चॉकलेट आणि काराफा शेवटच्या १५ मिनिटांतच मॅशमध्ये घालणं. रंग पूर्ण येतो, टोचणी कमी.

माल्टराव

एक सूचना, वाद नको म्हणून. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. वरची कृती परवानाधारक ब्रुअरीसाठी आणि बाहेरदेशी राहणाऱ्यांसाठी आहे. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरगुती वापराला परवाना लागत नाही, अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्याने करमाफी मिळाली.

टेम्सकाठचा

अवांतर वाटेल, पण गुण देण्याशी संबंध आहे. ‘मूळ पोर्टर धुरकटच होती, म्हणून जितका धूर तितकी अस्सल’ असा युक्तिवाद ऐकू येतो. तो अर्धाच खरा.

अठराव्या शतकातल्या लंडनच्या पोर्टरचा पाया तपकिरी माल्ट, आणि तो बराचसा लाकडाच्या जाळावर वाळवलेला. धूर लागणारच. पण त्या काळच्या ब्रुअर्सना तो धूर मिरवायचा नव्हता. मोठ्या पिंपांत पोर्टर महिनोन् महिने मुरवत, त्यात धुराची धार जाई. ती पिंपं केवढी, तर १७ ऑक्टोबर १८१४ ला टॉटनहॅम कोर्ट रोडजवळच्या हॉर्सशू ब्रुअरीतलं एक फुटलं आणि त्या लोंढ्यात आठ जणांचा जीव गेला.

पुढे हायड्रोमीटर आला आणि हिशोबात दिसलं की तपकिरी माल्टपेक्षा फिक्या माल्टमधून रस कितीतरी जास्त निघतो. तपकिरी माल्ट कमी होत गेला. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरने दंडगोल भट्टीत माल्ट काळा भाजायचं पेटंट घेतलं आणि चिमूटभर माल्टमध्ये सगळा रंग मिळू लागला. धूर तेव्हाच मागे पडला. आजची धुरकट पोर्टर ही विसाव्या शतकाच्या शेवटची अमेरिकन कल्पना आहे आणि तिला तशीच जोखावी. ‘अस्सल’चे जादा गुण नाहीत.

बामबर्गकर

अगदी. म्हणूनच बीजेसीपी तिला आपल्या शैलीयादीतल्या ३२-अ मध्ये टाकतं, ‘मूळ शैली अधिक धूर’. स्पर्धेत देताना मूळ शैली कुठली ते सांगावं लागतं, आणि इथेच गुण घसरतात. इंग्लिश पोर्टर म्हणाल तर अल्कोहोल ४ ते ५.४ टक्के, कडवटपणा १८ ते ३५. अमेरिकन पोर्टर म्हणाल तर ४.८ ते ६.५ टक्के, २५ ते ५०. डोंगरी यांची कृती अमेरिकन रकान्यात बसते. इंग्लिश म्हणून दिलीत तर परीक्षक ‘जड आणि कडू’ लिहील आणि त्याचं चूक नसेल.

शंकासुर

माल्ट घरी धुरवता येईल का? इथे न्यू जर्सीत झाकणवाली कोळशाची शेगडी आहे.

डोंगरी_सिॲटल

येईल. २ किलो माल्टवर १५० मिली पाणी फवारून चाळवा, अर्धा तास मुरू द्या. ओलसर दाण्याला धूर चिकटतो, कोरड्याला नुसता हुंगून जातो. बारीक जाळीवर दोन सेंटिमीटरचा थर. कोळसे एका कडेला, माल्ट दुसऱ्या, आल्डरचे तुकडे कोळशावर. माल्टजवळचं तापमान ६५ अंशांच्या खाली ठेवा, नाहीतर एन्झाइम मरतात. ४५ ते ६० मिनिटं, दर १५ मिनिटांनी उलथापालथ.

धुराचा रंग बघत राहा. पातळ निळसर हवा. दाट पांढरा-पिवळा लोट म्हणजे लाकडाला हवा कमी पडतेय, त्यातून काजळीसारखा कडू थर दाण्यावर बसतो. झडप उघडा. नंतर माल्ट पूर्ण वाळवा, ओला राहिला तर चक्कीत लगदा होतो. कागदी पिशवीत आठवडाभर ठेवून मगच वापरा. पॅकिंगच्या खोक्याचं लाकूड, प्लायवूड, रंगवलेल्या फळ्या अजिबात नकोत.

फेनगंगा

नमुन्यादाखल अलास्कनच्या एका ताज्या, त्याच वर्षीच्या बाटलीची पत्रिका. ११ अंशांना ओतली, १५ ला संपवली.

वास १०/१२. आधी आल्डर, कोरडा, विझत आलेल्या शेकोटीसारखा. मागून कोको आणि मनुका. हॉप्स जवळजवळ नाहीत. लवंग, डेटॉल नाही. दोन गुण अशासाठी कापले की थंड असताना माल्ट दबलेला आहे.
रूप ३/३. टॉर्चला गडद माणिक, नितळ. फेस बदामी, तीन मिनिटं.
चव थंड १६, कोमट १८, धरले १७/२०. कोमट झाल्यावर कडू चॉकलेट वर येतं आणि धूर शेवटाला सरकतो. शेवट लांब, कोरडा. तिथे भाजका कडवटपणा आणि धूर एकत्र येऊन क्षणभर राखेच्या उंबऱ्यावर जातात, पण आत शिरत नाहीत.
पोत ४/५. मध्यम ते भरदार, वायू बेताचा, तुरटपणा किंचित.
एकूण ९/१०.
बेरीज ४३.

‘थंड कमी, कोमट जास्त’ हा क्रम चांगल्या पोर्टरचा. उलटा आला तर खाली काही नाही असं समजा.

कोकणी_काजू

मुरवलेल्या बाटल्यांना वेगळे गुण की हेच?

यीस्टोपंत

पत्रिका हीच, अपेक्षा वेगळी. दोन-तीन वर्षांत धूर आणि कडवटपणा दोन्ही उतरतात, शेरीसारखी, सुक्या अंजिरासारखी झाक येते. हे गुण वाढवणारं. पुठ्ठा किंवा सोया आला तर कमी करणारं. बाटली उभी, अंधारात, १० ते १३ अंशांना. नागपूरच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवून ‘मुरवली’ म्हणू नका. तापमान १० अंशांनी वाढलं की या रासायनिक क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतात, म्हणजे मुरायच्या आत शिळी. ५ टक्क्यांच्या हलक्या धुरकट पोर्टर मुरवण्याच्या नादी लागू नका, ताज्याच संपवा.

शंकासुर

शेवटचं. आम्ही आठ जण बसणार आहोत, निम्म्यांना धूर ओळखता येतो की नाही याचीच खात्री नाही. गुणपत्रिका वाटण्याआधी काही सराव?

फेनगंगा

एक साधी पोर्टर आणि एक राउखबिअर (श्लेंकेर्लासारखी जर्मन धुरकट बिअर) आणा. १०० मिलीच्या हिशोबाने मिसळा: ९० ला १०, ८० ला २०, ७० ला ३०, सोबत एक बिनधुराची. न ढवळता, पेल्याच्या कडेने ओता, नाहीतर वायू निघून जातो. आधी माहीत असताना चढत्या क्रमाने चाखा, मग पेल्यांखाली आकडे लपवून पुन्हा.

नंतर त्रिकोणी चाचणी. प्रत्येकासमोर तीन पेले, दोन सारखे, एक वेगळा, ८०:२० विरुद्ध साधी. वेगळा कुठला ते सांगायचं. रंगातला फरक लपवायला दिवे मंद करा किंवा अपारदर्शक पेले घ्या, राउखबिअर पोर्टरपेक्षा फिकी असते. निव्वळ अंदाजाने तिघांतला एक बरोबर येतोच, म्हणून आठांपैकी निदान सहा जणांनी ओळखला तरच फरक जाणवतोय असं म्हणायचं. पाचांवर समाधान मानू नका.

माल्टराव

आणि क्रम कमी धुराकडून जास्तीकडे. एका बैठकीत पाच नमुने पुरे, सहाव्याला सगळ्यांचं नाक गेलेलं असतं आणि गुण मात्र वाढलेले असतात. गुण लिहीपर्यंत कुणी मोठ्याने ‘हॅम’ म्हणायचं नाही. एकाने म्हटलं की बाकी सातांनाही हॅमच लागतो.

चखण्याचं वर म्हटलंय तसं, पत्रिका गोळा झाल्यावर. तेव्हा गोव्याचा चोरीस, मटण सुकं, जुनं चेडर काढा. फार झणझणीत नको, वायू आणि अल्कोहोल तिखट आणखी पेटवतात. मिरचीची भजी लागरच्या दिवशी.

शंकासुर

शनिवारी बसतोय. आठही पत्रिका इथेच टाकतो, थंड आणि कोमट दोन्ही आकड्यांसकट.